फ्लॅट आपला, परवानगी त्यांची

मँचेस्टरला बदली झाली तेव्हा लंडनचा फ्लॅट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा असं ठरलं. बिल्डिंगच्या मॅनेजिंग एजंटकडे संमती मागितली, तर अर्जासोबत बिलच आलं. परवानगीची फी, नोंदणीची फी, वर व्हॅट. आणि दर नव्या भाडेकरूला हेच पुन्हा. बायको म्हणाली, "फ्लॅट आपला ना? मग परवानगी कसली?"

इंग्लंडात लीजहोल्ड घेतलं की आपल्या हाती फक्त मुदत येते. आमची १२५ वर्षांची, इमारत फ्रीहोल्डरची. आपल्याकडच्या सोसायटीत बिनभोगवटा शुल्काला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा तरी आहे. इथे असतो 'वाजवी' हा शब्द आणि त्यावरून हुज्जत.

एजंटचं पत्र बाजूला ठेवून मी आधी लीज काढलं. काही लीजमध्ये नुसतं कळवून नोंदवायचं असतं, काहींत लेखी संमती लागते, काहींत सरळ मनाई. आमच्यात संमतीचं कलम होतं. अशा वेळी विनाकारण नकार देता येत नाही, हे १९२७ च्या कायद्यातच आहे. कामाचा वाजवी खर्च मात्र ते मागू शकतात. नोंदणीची रक्कम लीजमध्येच छापलेली होती, अगदी किरकोळ. बिलात तिच्या कैक पट!

२००२ च्या कायद्याप्रमाणे असल्या मागणीसोबत आपल्या हक्कांचा गोषवारा जोडावा लागतो. तो नसेल तर येईपर्यंत पैसे अडवता येतात. आमच्या बिलाला नव्हता. २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायाधिकरणाने एका प्रकरणात ४० पौंड अधिक व्हॅट पुरे मानले होते. हा आकडा जो तो ऐकवतो, पण तो काही ठरलेला दर नव्हे; पुढे जास्त रकमाही मान्य झाल्या आहेत. त्यापेक्षा विचारावं, नेमकं काम काय केलंत, वेळ किती लागला? मी तेवढंच लेखी विचारलं. बऱ्याच दिवसांनी सुधारित बिल आलं: परवानगीची फी निम्म्याहून कमी, नोंदणी लीजप्रमाणे. खुलासा एका ओळीचाही नाही.

रागाच्या भरात विनासंमती भाडेकरू ठेवू नका. करारभंग होतो, प्रकरण लीज जप्तीपर्यंत जाऊ शकतं. घाई असेल तर लेखी हरकत नोंदवून पैसे भरा. नुसतं भरल्याने रक्कम कबूल केली असं होत नाही, न्यायाधिकरणाची वाट मोकळी राहते. गृहकर्ज असेल तर बँकेची संमती वेगळी घ्यावी लागते, आणि काही बँका त्याचेही पैसे लावतात.