वस्तादाची विद्या

धानाचे रोवणे आटोपले, की हाताला जरा उसंत मिळते. पोळा येतो. मग गणपती येतात. अशा वेळी आपल्या करडीसारख्या गावात एखादा म्हातारा हाती लाठी घेतो आणि गरगर फिरवतो. पोरे बघतच राहतात. मग एखादा पोरगा धीर करून म्हणतो, "बाबाजी, आमाले बी शिकवा न जी!"

आता बाबाजींनी काय करावे? शिकवावे, की नाही? शिकवावे, तर कोणाकोणाला? आपल्या घरच्या पोरांना, आपल्या जातीच्या पोरांना, की येईल त्याला? आज आपण याचाच विचार करू.

पुण्यात लहुजी राघोजी साळवे नावाचे वस्ताद होऊन गेले. जन्म १७९४ सालचा. मृत्यू १८८१ सालचा. ते जातीने मांग. त्या काळी मांग-महारांना शिवणे म्हणजे विटाळ, असे लोक मानीत. पण लहुजींच्या हातात लाठी होती, दांडपट्टा होता. त्यांनी तालीम काढली आणि पोरांना शिकवू लागले.

दांडपट्टा शिकणे सोपे नाही. पट्ट्याचे पाते लांब आणि लवचीक असते. त्याची लोखंडी मूठ कोपरापर्यंत हात झाकते. मनगट आत अडकून राहते. म्हणून सारा हात खांद्यापासून फिरवावा लागतो. पण हाताच्या आधी पाय शिकायचे असतात. पाऊल कुठे टाकायचे, वळायचे कसे, मागे कसे सरायचे, याला पवित्रा म्हणतात. पवित्रा चुकला, तर आपलेच पाते आपल्याला लागायचे. हे पुस्तकात वाचून येत नाही. कोणीतरी समोर उभे राहून दाखवावे लागते.

लहुजींनी ते दाखवले. कोणाला दाखवले? जोतीराव फुले माळी होते. वासुदेव बळवंत फडके ब्राह्मण होते. हे दोघेही लहुजींकडे शिकले. ज्याची सावली लोकांना नको होती, त्याच माणसाला या शिष्यांनी वस्ताद म्हटले.

पुढे काय झाले, तेही ऐका. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. मग महार-मांगांच्या पोरांसाठीही शाळा काढल्या. पण लोक पोरे धाडायला भीत होते. तेव्हा लहुजी वस्ताद आणि राणबा महार वस्तीत फिरले. पोरे शाळेत पाठवा, असे त्यांनी लोकांना समजावले. फुल्यांच्या शाळेत मुक्ता नावाची मांगाची मुलगी शिकली. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' या पत्रात छापून आला.

बघा, कसे झाले! वस्तादाने शिष्याला लाठी दिली. शिष्याने वस्तादाच्या वस्तीला अक्षर दिले. विद्या एका हाताने दिली आणि दुसऱ्या वाटेने परत आली.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक छापले. अमेरिकेतल्या गुलामांना मोकळे करणाऱ्या भल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले. पण त्याच वेळी दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील देशात गुलामी चालूच होती. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून माणसे जहाजांत भरून तिथे नेली होती. उसाच्या मळ्यांत ती राबत. त्या लोकांतून एक खेळ निघाला. त्याचे नाव कापोएरा.

आपली दंडार पाहिली आहे ना? तसेच इथेही लोक गोल करतात. ढोल वाजतो, टाळ्या पडतात, गाणे चालते. धनुष्याला भोपळा बांधलेले एक वाद्यही असते. मधे दोघेजण उतरतात. बघणाऱ्याला वाटते, नाच चालला आहे. पण ती लढाई असते. एकजण लाथ फिरवतो, दुसरा वाकून ती चुकवतो. आपल्या पवित्र्यासारखे त्यांचेही पाऊल सतत डुलत असते.

ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामी संपली. पण १८९० साली सरकारने कायदा करून कापोएराच बंद केला. जो खेळेल त्याला तुरुंग! तरी लोकांनी तो सोडला नाही. म्हातारे शिकवत राहिले, पोरे शिकत राहिली. शेवटी १९३२ साली साल्व्हादोर शहरात बिंबा नावाच्या वस्तादाने उघडपणे शाळा काढली. १९३७ साली सरकारने त्या शाळेला परवानगी दिली. २०१४ साली युनेस्को या जागतिक संस्थेने कापोएराच्या रिंगणाला जगाचा ठेवा मानले. आज कितीतरी देशांत मुले-मुली तो शिकतात.

तिकडे वस्तादाला 'मेस्त्र' म्हणतात. आपण सुताराला, गवंड्याला मिस्त्री म्हणतो ना? तो शब्दही पोर्तुगीजांच्या त्याच शब्दावरून आला आहे.

कायद्याने कापोएरा मेला नाही. शिकवणारा गप्प बसला असता, तर मात्र नक्की मेला असता. धानाचे बियाणे कोठीत फार दिवस ठेवले, तर ते उगवत नाही. विद्येचेही तसेच आहे. ती पेरावी लागते.

म्हणून आम्ही तुम्हाला एक काम सांगतो. गावात लाठी, कुस्ती किंवा दंडार जाणणारे म्हातारे असतील, त्यांच्याकडे जा. ते पवित्र्यांना काय नावे देतात, ती विचारा. आता तुम्हाला लिहिता येते. वहीत लिहून घ्या. पण नुसते लिहून थांबू नका. आपल्या पोरांना घेऊन जा. पोरींनाही न्या. शेजारच्या टोळीतल्या पोरांनाही हाक मारा. बाबाजींना म्हणा, "साऱ्यायले शिकवा जी!"

सांगा पाहू :
१. पट्टा शिकताना हाताच्या आधी काय शिकावे लागते? का?
२. लहुजी वस्तादांनी शाळांसाठी काय केले?
३. कापोएरा बंद झाला, तरी तो कसा टिकला?
४. तुम्हाला कोणती विद्या येते? ती तुम्ही कोणाला शिकवली?