गाडी घरी ठेव, मॅच पूर्ण बघ

बाबू, रात्री जागून टीव्हीवर इंग्लंडची लीग पाहून राहिला, पाहा. पण त्याच इंग्लंडात वरच्या चार विभागांच्या खाली शेकडो छोटे क्लब आहेत, आणि त्यांची माणसं शनिवारी बस-रेल्वे धरून परगावच्या मैदानाच्या कडेला उभी राहतात. आपल्या नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेची लीगही तशीच आहे. रब्बानी, राहुल क्लब, यंग मुस्लिम ही नावं पेपरात वाचण्यापेक्षा मैदानावर जाऊन ओळखीची कर. महालातून निघणाऱ्याला हे कानमंत्र.

आधी मैदान, मग वाहन. मोमिनपुऱ्यात मॅच असेल तर वाहन लागतच नाही. गांधीबागेतून सेंट्रल अव्हेन्यू ओलांडली की मोमिनपुरा. मोतीबागच्या रेल्वे मैदानासाठी चितार ओळी चौकात मेट्रो धर, बर्डीला उतरून ऑरेंज लाइन घे आणि कडबी चौकात उतर. वेळ हाताशी असेल तर तिथलं नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय पाहून घे. कामठीला जायचं तर त्याच लाइनने शेवटच्या ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जा, पुढे कामठी रोडवर बस किंवा ऑटो. डिसेंबर 2022 मध्ये मेट्रोचे हे दोन्ही तुकडे सुरू झाले, तेव्हापासून महालातल्या माणसाला बाइकचं निमित्त उरलं नाही.

छापलेल्या वेळेवर विसंबू नको. निघण्याआधी खेळणाऱ्या एखाद्या पोट्ट्याला फोन करून विचार. मैदान ऐनवेळी बदलतं, आधीची मॅच लांबते. शुक्रवारी जुम्याची नमाज असते, रमजानात रोजा सोडायची वेळ असते. मोमिनपुरा-कामठीत जाताना हे लक्षात असू दे. शिवाय सूर्याचा हिशेब कर. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. दिवे नसलेल्या मैदानावर नव्वद मिनिटं, मधली सुट्टी आणि वाया गेलेला वेळ धरला, तर साडेतीननंतर सुरू होणारी मॅच उजेडात संपणं कठीण.

जाताना परतीचं ठरव. जाताना घाई असते म्हणून माणूस कसाही पोचतो. अडतो तो येताना. कामठीला उतरल्या उतरल्या शेवटची बस किती वाजता, ते कंडक्टरलाच विचार. ऑटोसाठी सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेव. बाइकवाले ऐंशीव्या मिनिटाला गर्दी टाळायला निघतात आणि शेवटचा गोल त्यांना दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगतं. तुला सुटायची घाई नाही, तू शिटीपर्यंत थांब.

उभं कुठं राहायचं. पहिला हाफ मधल्या रेषेजवळ उभा राहा, दोन्ही संघांची मांडणी कळेल. दुसऱ्या हाफात जो संघ चढून येतोय, त्याच्यासमोरच्या बचावफळीच्या रेषेत ये. तिथून ऑफसाइड तुला लाइन्समनइतकंच दिसेल, आणि त्याला शिव्या घालायची इच्छा निम्मी होईल. गोलकीपर बॅकला काय ओरडून सांगतो ते ऐक. टीव्हीवर चेंडू दिसतो. इथं चेंडू येण्याआधी कोण कुठे सरकतं ते दिसतं आणि ऐकू येतं. स्कोअरबोर्ड असेलच असं नाही. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला, हे कागदावर लिहीत जा. शेजारचे चार जण तुलाच विचारतील आणि ओळख आपोआप होईल.

पायात आणि पिशवीत. आपली काळी माती पावसात बुटाचं वजन दुप्पट करते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुने बूट घाल. मेट्रोत चढण्याआधी तळवे खरवडून घे. पाणी, टोपी आणि हंगाम असेल तेव्हा चार संत्री सोबत असू दे. सालं पिशवीतच परत आण, टचलाइनवर टाकशील तर खेळणाराच घसरेल. मोमिनपुऱ्यात मॅच असली तर घरून डबा नेऊ नको. खेळ संपल्यावर सीख कबाबाचा वास तुला आपणच ओढून नेईल.

रीत. रेषेच्या आत पाय टाकायचा नाही. राखीव खेळाडू बसतात तिथं गर्दी करायची नाही. रेफ्रीशी मॅच संपल्यावरही हुज्जत नको. फोटो काढायचा तर आधी विचार, आणि काढलास तर त्या पोट्ट्याला पाठव. त्याच्या घरी तो भिंतीवर लागेल.

बूट पाहून खेळाडू ठरवू नको. 2001 साली याच शहरात विजय बारसे सरांनी पावसात फुटक्या बादलीला लाथाडणारी पोरं पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल उभा केला. सर हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे. त्यावर नागराज मंजुळे यांनी 2022 मध्ये 'झुंड' काढला, तो तू पाहिलाच आहेस. पण सिनेमा पाहून जायचं ते एखादा हिरो शोधायला नाही. उजव्या बाजूचा तो बुटका बॅक सकाळी दुकानात पोती उचलून आला असेल आणि तरी शेवटच्या मिनिटाला परत धावत येत असेल, तर टाळी त्याला दे. गोल करणाऱ्याला टाळ्या मिळतातच.

शेवटचं एक. शिटी वाजली की लगेच निघू नको. पुढची मॅच कधी आणि कोणाशी, हे दोघा-तिघांना विचार. उत्तरं जुळली नाहीत तर जो सामान आवरत असेल त्याचं खरं मान.