यदृच्छा आणि रचना : गेओर्ग नेस यांच्या 'शोटर'चा पाठ

संगणकाला आज्ञा लिहून चित्र घडविण्याच्या कलेचा परिचय बहुधा तंत्राच्या अंगाने करून दिला जातो. वस्तुतः तिचा मूलभूत प्रश्न साहित्याभ्यासकाला अपरिचित नाही : नियम आणि यदृच्छा यांच्या संयोगातून सिद्ध झालेल्या कृतीचे कर्तृत्व कोणाचे? जर्मनीत 1959 मध्ये टेओ लुत्स यांनी काफ्काच्या 'द कासल' या कादंबरीतील शब्द झूझे झेड-22 या संगणकाला पुरवून त्याच्याकडून वाक्ये जुळवून घेतली, तेव्हाच हा प्रश्न उपस्थित झाला होता. पुढे 1965 मध्ये श्टुटगार्ट येथे माक्स बेन्झे यांच्या पुढाकाराने गेओर्ग नेस यांची संगणकचित्रे प्रदर्शित झाली.

नेस यांचे 'शोटर', म्हणजे 'खडी', हे 1968 च्या सुमाराचे चित्र नवशिक्यास आदर्श पाठ ठरावे. आडवे 12 आणि उभे 22 अशा 264 चौरसांच्या या जाळीत वरच्या ओळी शिस्तबद्ध आहेत. खाली जावे तसतसे चौरस कलतात, सरकतात आणि अखेर विखुरतात.

2001 मध्ये केसी रीस व बेन फ्राय यांनी सिद्ध केलेल्या 'प्रोसेसिंग' या साधनात ही रचना थोड्या ओळींत साधते. प्रथम एक चौरस काढावा. मग ओळ आणि स्तंभ अशा दुहेरी आवर्तनाने जाळी भरावी. शेवटी उणे एक ते एक यांमधील यादृच्छिक संख्येला ओळीच्या क्रमांकाने गुणून, योग्य प्रमाणात लहान करून, चौरसाचा कल व स्थान बदलावे. पहिल्या ओळीचा क्रमांक शून्य धरल्यास ती अविचल राहते.

मर्म या गुणाकारात आहे. क्रमांकाऐवजी स्थिर संख्या योजिली, तर सर्वत्र सारखाच विस्कळितपणा येतो आणि सुव्यवस्थेकडून विघटनाकडे जाणारी गती नष्ट होते. विशिष्ट चौरस किती कलावा हे यंत्र ठरविते. शिस्त कोठे व किती वेगाने सुटावी हे मात्र कर्ता ठरवितो.

ग्रांथिक ओवीतही अक्षरसंख्या सैल असते. परंतु पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथ्याचे आखूडपण त्या सैलपणाला मर्यादा घालतात. अर्थात ओवीकाराचा प्रत्येक शब्द त्याने निवडलेला असतो, 'शोटर'मधील प्रत्येक कल नेस यांनी निवडलेला नाही. म्हणून येथे कर्तृत्व लोपत नाही. ते निवडीकडून मर्यादेच्या आखणीकडे सरकते, असे म्हणणे अधिक युक्त होईल.