हवेच्या बलूनवर पिकअप : आधी एक्सल सांभाळा

जुन्या पिकअपला दमदार इंजिन आणि हवेचे सस्पेन्शन एकत्र बसविणे हे अमेरिकेतील गॅरेजवाल्यांचे आवडते काम आहे. १९५३ च्या फोर्ड एफ-१०० चे उदाहरण घेऊ. तिचे व्ही-८ इंजिन सुमारे १०० हॉर्सपॉवरचे होते. २०११ च्या मस्टँग जीटीचे इंजिन ४१२ हॉर्सपॉवरचे, म्हणजे सुमारे चौपट!

कारागीर बंधूंनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मागचा पाटा दोन कामे करतो. तो वजन पेलतो आणि एक्सलही जागेवर धरतो. बलून फक्त वजन पेलतो. म्हणून पाटे काढल्यावर एक्सलला चार मजबूत दांडे हवेत. ते समांतर असतील तर एक्सल बाजूला सरकू नये म्हणून आडवा रॉडही हवा. झटके जिरविण्यास शॉकअॅब्सॉर्बर वेगळे लागतात.

गाडी खाली-वर केली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. त्यामुळे चालविण्याची एकच उंची ठरवून कोन तिथेच जुळवावा. अगदी खाली बसविलेली गाडी उभीच ठेवावी.

आमचे सांगणे एवढेच की, अंदाजपत्रकात दांडे आणि ब्रेक आधी लिहा, बलून नंतर. गिऱ्हाईक बलून पाहून खूश होते, पण त्याचा जीव दांड्यांच्या भरवशावर असतो.