हार्ड डिस्कची आवराआवर : दुकान चालू असताना करावी की बंद झाल्यावर?

आज लहान दुकानदाराचे आणि कारखानदाराचेही वहीखाते संगणकात असते. उधारी, मालाचा साठा, कारागिरांची मजुरी, जीएसटीचा हिशेब असे सर्व काही त्या एका डब्यात साठवलेले असते. तो डबा चार-पाच वर्षांनी मंद चालू लागला की कोणीतरी सल्ला देतो, ‘डिफ्रॅग करून घ्या.’ आपण बटण दाबतो आणि त्याच वेळी बिले फाडणेही चालू ठेवतो. मग तासन्‌तास काम संपत नाही आणि बिलही अडकून पडते. असे का होते, ते समजून घेऊ.

डिफ्रॅग म्हणजे काय?

कापडाच्या दुकानाचे उदाहरण घ्या. फळीवर जागा रिकामी होईल तसा माल ठेवत गेले, तर एकाच मालाचे दोन तागे या फळीवर, तीन माळ्यावर आणि एक गल्ल्यामागे अशी स्थिती होते. माल हरवलेला नसतो, पण गिऱ्हाइकाला दाखवताना नोकराला चार ठिकाणी धावावे लागते. हार्ड डिस्कमध्येही फाईलचे असेच तुकडे होतात. ते शोधून एका रांगेत लावणे म्हणजे डिफ्रॅग.

तुकड्यांमुळे वेळ का लागतो? डिस्कच्या आत तबकडी फिरते आणि तिच्यावर वाचणारा दांडा मागे-पुढे सरकतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सेकंदाचे सुमारे ८ हजारांश लागतात. म्हणजे हवा तो भाग दांड्याखाली येईपर्यंत सरासरी ४ हजारांश जातात. दांडा सरकायला साधारण ९ हजारांश धरले, तर एका तुकड्यामागे १३ हजारांश झाले. फाईलचे १०० तुकडे असतील तर केवळ शोधाशोधीत सव्वा सेकंदाहून अधिक वेळ जातो.

मागे प्रोग्रॅम चालू असले तर?

पडद्यावर काही उघडे नसले, तरी मागे बरेच काही चालू असते. अँटीव्हायरसची तपासणी, इंटरनेटवर फायली चढवणारा प्रोग्रॅम, विंडोजचे अपडेट, प्रिंटरची रांग, हिशेबाचा प्रोग्रॅम हे सर्व डिस्कवर वाचत-लिहीत असतात. त्याचे परिणाम तीन :

१) दांडा एकच असतो. आवराआवर त्याला एकीकडे ओढते, अँटीव्हायरस दुसरीकडे. दोन्ही कामे रखडतात.

२) इकडे जुने तुकडे जुळत असताना तिकडे नव्या फायली लिहिल्या जातात आणि त्यांचे नवे तुकडे पडतात. गिऱ्हाइकांच्या गर्दीत फळ्या लावण्यासारखाच हा प्रकार.

३) विंडोज स्वतः वापरत असलेल्या काही फायली, उदाहरणार्थ पेज फाईल, चालू स्थितीत हलवताच येत नाहीत. त्या जागच्या जागी राहतात.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये तर मागच्या एखाद्या प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिले की डिफ्रॅग पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. विंडोज २००० पासून ही अडचण गेली. आता संगणक वापरात असतानाही हे काम चालू शकते. तुकडा आधी नव्या जागी उतरवून मग त्याची नोंद बदलली जाते, त्यामुळे मागे प्रोग्रॅम चालू आहेत एवढ्याने हिशेब पुसला जात नाही. नुकसान होते ते वेळेचे.

खरा धोका कोठे आहे?

संगणक मंद होण्याचे कारण दर वेळी तुकडेच असतात असे नाही. डिस्क मरणपंथाला लागली असली तरीही संगणक असाच रेंगाळतो. अशा डिस्कवर डिफ्रॅग चालवणे म्हणजे आजाऱ्याच्या डोक्यावर पोते देणे होय. टकटक आवाज येत असेल, फाईल उघडताना चूक दाखवली जात असेल, तर डिफ्रॅगला हात लावू नये. प्रथम हिशेबाची प्रत बाहेर काढावी.

दुसरा धोका अचानक वीज जाण्याचा. भारनियमनाच्या वेळेत किंवा बॅटरी बॅकअप नसताना हे काम काढू नये.

कामाचा क्रम

१) हिशेबाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती उघडते का ते पाहा.

२) विंडोज १० किंवा ११ मध्ये सी ड्राइव्हवर उजवे बटण दाबा. ‘प्रॉपर्टीज’ मध्ये ‘टूल्स’ आहे. तेथे ‘चेक’ दाबून दोष आहे का ते तपासा.

३) तेथेच ‘ऑप्टिमाइझ’ दाबल्यास ड्राइव्हची यादी येते. ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे लिहिले असेल तर डिफ्रॅगची गरज नाही. त्यात तबकडी किंवा दांडा नसतो, उलट वारंवार लिहिल्याने ती झिजते. तिची निगा विंडोजवर सोडावी.

४) ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ असेल तर ‘ॲनालाइझ’ दाबा. तुकड्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असेल तर काम काढण्याची घाई नको.

५) दुकान बंद झाल्यावर हिशेबाचा प्रोग्रॅम, ब्राउझर बंद करा, इंटरनेट तोडा. अँटीव्हायरस काढून टाकू नका, फक्त त्याची तपासणी त्या वेळी चालू नसावी. संगणक आपोआप झोपणार नाही अशी व्यवस्था करून मग ‘ऑप्टिमाइझ’ दाबा.

६) मध्येच गरज पडली तर ‘स्टॉप’ दाबून थांबवा. मुख्य बटण किंवा प्लग ओढून बंद करू नका.

विंडोज हे काम दर आठवड्याला आपोआप करण्याची सोय देते. ती चालू असेल आणि संगणक अधूनमधून रिकामा राहत असेल, तर हाताने डिफ्रॅग करण्याची वेळ क्वचितच येते.

थोडक्यात, आधी प्रत, मग तपासणी आणि शेवटी आवराआवर. हा क्रम उलटा झाला तर संगणक जलद होईलही, पण वसुलीला निघताना उधारीची यादीच हाती नसेल. डिस्क बाजारात पुन्हा मिळते, खतावणी मिळत नाही.