रॉक गीताचे घरगुती ध्वनिमिश्रण

गाणे गाणे ही एक कला आहे. आणि गायिलेले गाणे ऐकणाऱ्याच्या कानी नीट पोहोचविणे ही दुसरी. पहिलीची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते, दुसरीची फारशी होत नाही. आमच्या कंग्राळीसारख्या गावातही आता मुलांच्या हाती गिटार आली आहे, आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र तर मोबाइलच्या रूपाने खिशातच आहे. चार मित्र जमतात, माळ्यावर एखादे रॉक गीत मुद्रित करतात आणि परत ऐकताना हिरमुसतात. वाजविताना ज्या गाण्याने अंगात वीज खेळत होती, तेच आता नुसता गलका वाटते. शब्द कळत नाहीत, ढोल दबलेला असतो. मग प्रत्येक जण म्हणतो, "माझे वाद्य वाढवा." रोगाचे मूळ नेमके येथेच आहे. त्याची कारणे व उपाय यांचा विचार या लेखात करू.

घरी बसून चांगले मुद्रण होत नाही, अशी एक समजूत आहे. तिला उत्तर चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्यात सापडते. बार्देश तालुक्यातील शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोअन क्रेझी' हा गीतसंग्रह आपल्या राहत्या घरी मुद्रित केला. वाद्ये स्वतः वाजविली, गायिले स्वतः, आवाजांचे मिश्रणही स्वतःच केले. आणि तयार कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत पोहोचविल्या, त्याही स्वतःच. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांना याचे कौतुक वाटावे यात नवल नाही. परंतु येथे त्यामागील शिस्त अधिक महत्त्वाची आहे. त्यांचे यंत्र चार मार्गांचे होते. अशा यंत्रावर चारच आवाज स्वतंत्र राहतात. पाचवा हवा असेल, तर आधीचे तीन एकत्र करून चौथ्या मार्गावर उतरवावे लागतात. एकदा उतरविल्यावर त्या तिघांतील कमीअधिक पुन्हा बदलता येत नाही. लंडनमध्ये बीटल्सनी १९६७ चा 'सार्जंट पेपर' हा प्रसिद्ध संग्रहही चार मार्गांच्या यंत्रांवरच केला. कोणता आवाज पुढे व कोणता मागे, हे या मंडळींना आरंभीच ठरवावे लागे. आज मार्ग हवे तितके मिळतात. म्हणूनच ही शिस्त आपणहून पाळावी लागते.

आता शास्त्र पाहू. नुसता आवाज वाढवून बळ का येत नाही? एका गिटारीला तितक्याच जोराची दुसरी जोडली, तर तीव्रता सुमारे ३ डेसिबलनेच वाढते. कानास आवाज दुप्पट वाटावयास मात्र सुमारे १० डेसिबल वाढ लागते. म्हणजे एकीच्या जागी दहा गिटारी हव्यात! शिवाय यंत्राला एक कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की ध्वनीची शिखरे छाटली जातात आणि आवाज फाटतो. तेव्हा भर घालण्याचा मार्ग लवकरच संपतो. उरतो तो जागा करून देण्याचा.

ही जागा म्हणजे काय? मनुष्याचा कान सेकंदास सुमारे २० ते २०,००० कंपने ऐकतो. बेस गिटारीची सर्वांत जाड तार ४१ कंपनांची, साध्या गिटारीची ८२ कंपनांची. पायाने वाजवावयाच्या ढोलाचा घुमारा बेस गिटारीच्याच शेजारी असतो. उलट कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात. शब्दांतील व्यंजनांची स्पष्टता आणि विद्युत गिटारीची धार या दोन्ही तेथेच भेटतात. एकाच पट्ट्यात दोन आवाज आले की मोठा लहानाला झाकतो. म्हणून गिटारीतील १०० कंपनांखालचा भाग कमी करावा, म्हणजे बेस मोकळा होतो. आणि शब्द चालू असता गिटारीची धार किंचित उतरवावी, म्हणजे गायक आवाज न चढविता पुढे येतो. आपल्या भजनी मंडळांना हे ठाऊक आहे. बुवांनी अभंगाचा चरण उचलला की जाणते टाळकरी टाळ हळू करतात, आणि गजराच्या वेळी पुन्हा खुले सोडतात. तो गजर भारी वाटतो, कारण आधी जागा सोडलेली असते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम खोलीची घुमी मोडावी. भिंतींवर वाकळी व गोधड्या टांगाव्यात. खर्जाचे आवाज कोपऱ्यात फुगतात, म्हणून कोपरा टाळावा. मुद्रण करताना कमाल मर्यादेखाली काही डेसिबल जागा राखावी. मग ढोल, बेस आणि गायक या तिघांचाच मेळ आधी बसवावा व त्यांना मध्यभागी ठेवावे. गिटार दोन वेळा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे लावावी. प्रतिध्वनी मिठाइतकाच घालावा. खर्जाला तर घालूच नये.

ऐकताना आवाज मध्यम असावा. फ्लेचर व मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की ध्वनी मोठा केला म्हणजे खर्ज कानास अधिक भरतो. त्यामुळे मोठ्याने ऐकून केलेले मिश्रण हळू लावताच पोकळ वाटते. शेवटी ते मोबाइलच्या लहानशा ध्वनिक्षेपकावरही तपासावे. तेथे ४१ कंपने उमटतच नाहीत. बेस कळतो तो त्याच्या उपस्वरांवरून. तेथेही तो कळला, तर मिश्रण साधले.

मध्यम आवाजाचे आणखी एक कारण आहे, आणि पालकांनीही ते ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणे निर्धोक. ९० डेसिबलचा मात्र अवघे ४ तास. कानातील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्या कानाने मेळ साधावयाचा, तोच गमावला तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरेल.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. गाणे दबलेले वाटले, तर काहीही न वाढविता एकेक आवाज क्रमाने उतरवून पाहावा. कोणता उतरविताच बाकीचे उजळतात, हे ज्याला ऐकू आले, त्याला मिश्रणाचा पहिला धडा मिळाला असे समजावे. आणि तो आवाज आपल्याच वाद्याचा निघाला, तर खुशाल एक पाऊल मागे सरावे. गाणे तेवढे पुढे येईल.