आफ्रिकेतील नवीकरणीय ऊर्जा आणि विकास वित्त : जोखीम कोणाच्या पदरी?

आफ्रिका खंडात सूर्यप्रकाशाची वाण नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या आफ्रिकाविषयक अहवालानुसार जगातील सर्वोत्तम सौर साधनसंपत्तीपैकी सुमारे ६० टक्के या खंडात आहे. जगात उभारलेल्या सौर वीजक्षमतेत मात्र त्याचा वाटा त्या वेळी अवघा एक टक्का होता. त्याच सुमारास सुमारे ६० कोटी आफ्रिकी लोकांच्या घरी वीज पोहोचलेली नव्हती. ही तफावत समजून घ्यायची तर सूर्यप्रकाशाच्या नकाशापेक्षा व्याजदराचा तक्ता अधिक उपयोगी पडतो.

व्याजाचे गणित

औष्णिक वीजकेंद्राच्या एकूण खर्चात इंधनाचा भाग मोठा असतो आणि तो वीज विकता विकता, वर्षानुवर्षे भागवला जातो. सौर किंवा पवन प्रकल्पाला इंधन फुकट मिळते, परंतु जवळजवळ सर्व खर्च पहिले युनिट तयार होण्यापूर्वीच करावा लागतो. साहजिकच अशा प्रकल्पाच्या विजेचा दर मुख्यत्वे भांडवलाच्या किमतीवर ठरतो.

एक साधे उदाहरण घेऊ. १०० कोटी रुपयांचा प्रकल्प संपूर्णपणे कर्जातून उभारला आणि ते कर्ज २० समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे आहे, असे मानले तर ५ टक्के व्याजाने वार्षिक हप्ता ८ कोटी २ लाख रुपये येतो. व्याजदर १२ टक्के असेल तर हाच हप्ता १३ कोटी ३९ लाखांवर जातो. सौर पट्ट्या त्याच, ऊनही तेच. तरीही ग्राहकाकडून दरवर्षी वसूल करावयाची रक्कम सुमारे दोन-तृतीयांशाने वाढते. उपरोक्त अहवालानुसार आफ्रिकेतील ऊर्जा प्रकल्पांसाठी भांडवलाची किंमत प्रगत देशांच्या व चीनच्या तुलनेत किमान दोन ते तीन पट आहे. म्हणजे जो देश गरीब, त्यालाच स्वच्छ वीज महाग पडते.

धनको जादा व्याज मागतो त्यामागे कारणे असतात. वीज विकत घेणारी सरकारी कंपनी बहुधा तोट्यात असते. तिची वसुली स्थानिक चलनात होते, तर कर्ज डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये असते. पारेषण वाहिनी वेळेवर उभी राहील याची शाश्वती नसते. जमिनीचे हक्क संदिग्ध असतात आणि सरकार बदलले की करारांचा फेरविचार सुरू होतो. या प्रत्येक जोखमीची किंमत व्याजदरात मिसळलेली असते.

विकास वित्ताची साधने

नफा हा एकमेव हेतू न ठेवता विकासाच्या उद्दिष्टासाठी, सार्वजनिक भांडवलाच्या आधारावर केलेला वित्तपुरवठा म्हणजे विकास वित्त. जागतिक बँक समूह, १९६४ साली स्थापन झालेली आफ्रिकी विकास बँक (भारत १९८३ पासून तिचा सदस्य आहे), युरोपीय गुंतवणूक बँक, जर्मनीची केएफडब्ल्यू, फ्रान्सची एएफडी आणि भारताची एक्झिम बँक या त्यातील प्रमुख संस्था होत. त्यांची साधने अनेक आहेत: अल्प व्याजाचे व दीर्घ मुदतीचे सवलतीचे कर्ज, अनुदान, भागभांडवलात सहभाग आणि हमी. सार्वजनिक पैशाच्या आधाराने खासगी पैसा ओढून घेण्याच्या पद्धतीस मिश्र वित्तपुरवठा म्हणतात. जागतिक बँक व आफ्रिकी विकास बँक यांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘मिशन ३००’ या कार्यक्रमात २०३० पर्यंत ३० कोटी आफ्रिकी लोकांपर्यंत वीज नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, तेही मुख्यतः याच साधनांच्या बळावर.

या साधनांपैकी हमी हे सर्वात कमी समजले गेलेले साधन आहे. परीक्षेतील उत्तरांत ‘हमीमुळे जोखीम दूर होते’ असे विधान वारंवार आढळते; ते बरोबर नाही. हमीमुळे जोखीम एकाच्या पदरातून दुसऱ्याच्या पदरात जाते. कोणाच्या, हे पाहण्यासाठी केनियातील एका प्रकल्पाचा तपशील उपयुक्त ठरेल.

तुर्काना सरोवराचा वारा

केनियाच्या उत्तरेस मार्साबिट परगण्यात तुर्काना सरोवराच्या आग्नेयेला वर्षभर जोरदार वारा वाहतो. तेथे लोइयांगलानीजवळ प्रत्येकी ८५० किलोवॅटच्या ३६५ पवनचक्क्या उभारून ३१० मेगावॅट वीज निर्माण करण्याची योजना आखण्यात आली. खर्चाचा अंदाज ६० कोटी युरोंहून अधिक होता. केनियाच्या इतिहासातील ही सर्वात मोठ्या खासगी गुंतवणुकींपैकी एक होती. वीज खरेदी करार २० वर्षांचा आणि दर युनिटला ७.५२ युरो सेंट इतका ठरला. डिझेलवर चालणाऱ्या केंद्रांच्या तुलनेत तो निश्चितच स्वस्त होता.

या करारात ‘वीज घ्या अथवा पैसे भरा’ हे तत्त्व होते. वारा वाहिला आणि वीज तयार झाली की केनिया पॉवर या खरेदीदार कंपनीने ती घ्यावी; न घेतल्यास तिचे मोल चुकवावे. मागणी तेवढी वाढली नाही तर हा बोजा खरेदीदाराला पेलवणार नाही, अशी शंका उपस्थित करून जागतिक बँकेने २०१२ मध्ये अंग काढून घेतले. त्यानंतर आफ्रिकी विकास बँकेने कर्जउभारणीचे नेतृत्व केले. युरोपीय गुंतवणूक बँकेने मोठे कर्ज दिले. फिनलंड, डेन्मार्क व नॉर्वे यांच्या सरकारी विकास निधींनी भागभांडवलात सहभाग घेतला. मार्च २०१४ मध्ये वित्तीय करार पूर्ण झाले.

खरी अडचण वाऱ्याची नव्हती, तारांची होती. प्रकल्पस्थळापासून नैरोबीजवळील सुसवापर्यंत ४०० किलोव्होल्टची, ४३० किलोमीटरच्या आसपास लांबीची वाहिनी सरकारी पारेषण कंपनीने उभारायची होती. ती वेळेवर होईल यावर खासगी धनकोंचा विश्वास नव्हता. म्हणून आफ्रिकी विकास निधीने २ कोटी युरोंची अंशतः जोखीम हमी दिली आणि वाहिनीस विलंब झाल्यास प्रकल्प कंपनीस भरपाई देण्याचे दायित्व केनिया सरकारने स्वीकारले.

भीती खरी ठरली. २०१७ च्या प्रारंभी पवनचक्क्या सज्ज झाल्या, परंतु वाहिनी अपुरी होती. तिचे काम घेतलेली स्पॅनिश कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. उरलेले काम चिनी कंपन्यांकडून करवून घेऊन सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकल्प राष्ट्रीय जाळ्याशी जोडला गेला. औपचारिक उद्घाटन जुलै २०१९ मध्ये झाले. मधल्या काळात चक्क्या उभ्या होत्या आणि करारानुसार देणे चढत होते. ते देणे अब्जावधी शिलिंगांच्या घरात गेले. त्याचा काही भाग सरकारी तिजोरीतून देण्यात आला आणि उरलेला वाढीव वीजदरातून काही वर्षांत वसूल करण्याचे ठरले. धनकोंचे हप्ते सुरक्षित राहिले; न मिळालेल्या विजेचे पैसे केनियाच्या करदात्याने व ग्राहकाने भरले.

म्हणून हा प्रकल्प फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुरू झाला तेव्हा देशाच्या स्थापित क्षमतेत त्याचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक होता आणि डिझेल जाळण्याची गरज त्याने घटवली. मात्र तेथील वारा रात्री अधिक जोरात वाहतो आणि रात्री मागणी घसरते. करारानुसार पवनवीज घ्यावी लागत असल्याने ओल्कारिया येथील भूऔष्णिक केंद्रांची वाफ काही वेळा हवेत सोडून द्यावी लागली. एक स्वच्छ वीज घेण्यासाठी दुसरी सोडायची, असा हा प्रकार. जागतिक बँकेची शंका पूर्णपणे निराधार नव्हती, हे यावरून दिसते.

जमिनीचा प्रश्न तर अद्याप वेगळाच आहे. प्रकल्पासाठी सुमारे दीड लाख एकर सामुदायिक जमीन भाडेपट्ट्याने देण्यात आली होती. प्रत्यक्ष चक्क्यांनी व्यापलेला भाग तिचा अगदी लहान अंश आहे. तुर्काना, सांबुरू, रेंडिले आदी पशुपालक समाजांची ही चराऊ भूमी. २०२१ मध्ये मेरू येथील पर्यावरण व भूमी न्यायालयाने या जमिनीचे हक्कपत्र विहित पद्धतीने मिळवलेले नसल्याचा निर्णय दिला. आणि डोक्यावरून जाणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीतून एखाद्या वस्तीला थेट वीज देता येत नाही. त्यासाठी उपकेंद्र व वितरणाचे जाळे लागते, ज्यावर परतावा मिळत नसल्याने खासगी पैसा येत नाही. अनुदानाची खरी जागा तेथे आहे.

झांबिया : डॉलरमधील दर

विनिमय दराच्या जोखमीचा धडा झांबियाकडून मिळतो. २०१५-१६ च्या दुष्काळात करिबा धरणाची पातळी खालावली व जलविद्युतवर विसंबलेल्या या देशात दीर्घ भारनियमन सुरू झाले. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने तेथे ‘स्केलिंग सोलर’ कार्यक्रम राबवला. प्रमाणित करारपत्रे, आधीच ठरवलेले कर्ज व हमी आणि खुली निविदा अशी त्याची रचना होती. २०१६ च्या निविदेत युनिटला ६.०२ अमेरिकी सेंट हा दर आला. आफ्रिकेत त्या काळी इतका कमी दर कोठेही ऐकिवात नव्हता. बांगवेउलु नावाचा हा प्रकल्प २०१९ मध्ये कार्यान्वित झाला.

हा दर २५ वर्षांसाठी डॉलरमध्ये स्थिर होता, ही बाब त्या वेळी लाभदायकच मानली गेली. २०१६ मध्ये एका डॉलरला साधारण १० क्वाचा पडत; तेव्हा ६.०२ सेंट म्हणजे सुमारे ०.६० क्वाचा. नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने विदेशी रोख्यांवरील देणे थकवले. २०२४ मध्ये डॉलरचा दर २६ क्वाचाच्या आसपास होता. तोच दर आता सुमारे १.५७ क्वाचा झाला. झेस्को ही सरकारी वीजकंपनी ग्राहकांकडून क्वाचा घेते. एका पैशानेही न वाढलेला दर तिच्यासाठी अडीच पटींहून अधिक वाढला, तो असा. विनिमय दराचा विमा उतरवणाऱ्या संस्था आहेत. २००७ साली विकास बँकांनी त्यासाठी टीसीएक्स हा निधी स्थापन केला. तथापि अशा चलनांसाठी विम्याचा हप्ता इतका जड असतो की सवलतीच्या व्याजाचा फायदा त्यातच विरून जातो.

दोन वेगळे मार्ग

दक्षिण आफ्रिकेने २०११ मध्ये सुरू केलेल्या निविदा कार्यक्रमात करार रँडमध्ये केले आणि कर्ज बहुतांशी देशांतर्गत बँकांकडून उभारले. पहिल्या फेरीत सौर विजेचा सरासरी दर युनिटला २.७६ रँड होता, तो चौथ्या फेरीपर्यंत एका रँडखाली उतरला. खोल भांडवल बाजार असल्याने हे साधले. खंडातील थोड्याच देशांना ते शक्य आहे. तरीही २०१६ नंतर एस्कॉम या सरकारी वीजकंपनीने नवे करार करण्याचे टाळले आणि २७ प्रकल्प एप्रिल २०१८ पर्यंत सहीअभावी रखडले. खरेदीदाराची इच्छा ही कोणत्याही हमीपत्रात न बसणारी जोखीम आहे.

मोरोक्कोने वेगळी वाट धरली. वर्झाझात येथील नूर सौर संकुलासाठी मासेन या सरकारी संस्थेने जागतिक बँक, आफ्रिकी विकास बँक, केएफडब्ल्यू आदींकडून सरकारी हमीवर सवलतीचे कर्ज घेतले व ते पुढे प्रकल्प कंपनीला दिले. १६० मेगावॅटच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०१६ मध्ये झाले. मासेन प्रकल्पाकडून वीज चढ्या दराने विकत घेते, राष्ट्रीय वीजकंपनीला उतरत्या दराने विकते आणि फरक सरकार सोसते. सूर्यकिरण एकवटून उष्णता साठवणारे हे तंत्र महाग आहे, त्यामुळे तो फरकही मोठा आहे. परंतु बोजा कोणावर व किती, हे येथे पहिल्यापासून अंदाजपत्रकात दिसते. केनियात तो विलंब झाल्यावर दिसला.

भारताचा सहभाग

मध्य प्रदेशातील रेवा येथील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पात २०१७ मध्ये पहिल्या वर्षासाठी २.९७ रुपये हा दर आला. राज्य सरकारची हमी असलेली देयक सुरक्षा आणि रुपयातील करार यांचा त्यात मोठा हात होता. सल्लागार होते तेच आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ, ज्याने झांबियातील निविदा काढली होती. दोन्ही ठिकाणांमधील महत्त्वाचा फरक चलनाचा होता.

आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे मुख्यालय गुरुग्राम येथे आहे. मार्च २०१८ मधील तिच्या स्थापना परिषदेत भारताने १५ देशांतील २७ प्रकल्पांसाठी सुमारे १.४ अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले. एक्झिम बँकेमार्फत दिल्या जाणाऱ्या अशा सवलतीच्या पतमर्यादांचे व्याज कमी, मुदत दीर्घ असते आणि सर्वसाधारणपणे कराराच्या मूल्यापैकी किमान ७५ टक्के वस्तू व सेवा भारतातून घ्याव्या लागतात. नायजरमधील मालबाझा येथील ७ मेगावॅटचा सौर प्रकल्प अशाच पतमर्यादेतून २०१८ मध्ये उभा राहिला.

ही कर्जे डॉलरमध्ये असतात. नायजरचा सीएफए फ्रँक युरोशी निश्चित दराने बांधलेला असल्याने तेथे चलन एका रात्रीत कोसळण्याची भीती कमी आहे. मलावीसारख्या देशाची स्थिती निराळी. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथे एका डॉलरचा अधिकृत दर सुमारे १,१८० क्वाचावरून १,७०० क्वाचावर नेण्यात आला आणि जुन्या प्रत्येक डॉलर कर्जाचा बोजा स्थानिक चलनात त्या एकाच दिवशी ४४ टक्क्यांनी वाढला.